गर्भारपणात ‘टीएसएच’ कमी म्हणजे नेहमीच आजार नव्हे

भिलाई : गर्भधारणेच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास रक्ततपासणीत ‘टीएसएच’ची पातळी कमी आढळली, तर तो थायरॉइडचा आजारच असतो असे नाही. अनेकदा हा वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकाचा स्वाभाविक परिणाम असतो आणि काही आठवड्यांत पातळी आपोआप पूर्ववत होते. मात्र केवळ अहवालातील आकडा पाहून औषध सुरू केल्यास किंवा चालू असलेली गोळी बंद केल्यास त्याचा फटका गर्भाला बसू शकतो.

पोलाद कारखान्याच्या नोकरीनिमित्त भिलाईत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांत आजही पहिल्या बाळंतपणासाठी मुलीला माहेरी पाठवले जाते. अशा वेळी सुरुवातीच्या तपासण्या एका शहरात आणि पुढील उपचार दुसऱ्या शहरात होतात. त्यामुळे आधीच्या अहवालाचा अर्थ नीट समजणे अधिकच गरजेचे ठरते.

दोन संप्रेरकांतील साम्य

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच स्रवते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीने किती काम करावे, हे त्यावर ठरते. गर्भ राहिल्यानंतर वार ‘एचसीजी’ हे संप्रेरक तयार करते. घरी लघवीची चाचणी करून गर्भधारणा ओळखली जाते, ती याच संप्रेरकामुळे.

ही दोन्ही संप्रेरके प्रत्येकी दोन साखळ्यांची बनलेली असतात. त्यांतील एक साखळी दोन्हींत तंतोतंत सारखी असते, तर दुसरीत बरेच साम्य असते. त्यामुळे थायरॉइडच्या पेशींवरील टीएसएचसाठीच्या ग्राहीला एचसीजीही काही प्रमाणात चालना देऊ शकते. ही चालना दुर्बळ असली, तरी आठव्या ते अकराव्या आठवड्यांदरम्यान एचसीजीचे प्रमाण इतके वाढते की ग्रंथी अधिक संप्रेरक तयार करू लागते. रक्तात ते वाढल्याचे जाणवताच पीयूषिका ग्रंथी टीएसएच कमी करते.

एरवी प्रौढांमध्ये टीएसएचची पातळी साधारण ०.४ ते ४ मिली-युनिट प्रतिलिटर असते. पहिल्या तिमाहीत निरोगी गर्भवतीमध्ये ती ०.१ पर्यंतही उतरू शकते. या बदलामागे निसर्गाची सोयही आहे. गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यानंतर संप्रेरक तयार करू लागते. तोपर्यंत त्याच्या मेंदूची वाढ आईकडून मिळणाऱ्या संप्रेरकावर अवलंबून असते.

चालना अधिक झाल्यास

शंभरांपैकी एक ते तीन गर्भवतींमध्ये ही चालना प्रमाणाबाहेर जाते. छातीत धडधड, हाताला कंप, अतिघाम आणि वजनातील घट ही त्याची लक्षणे होत. भिलाईच्या कडक उन्हाळ्यात घाम आणि थकव्याकडे सहज दुर्लक्ष होऊ शकते. जुळी गर्भधारणा, तीव्र उलट्यांचा विकार किंवा द्राक्षगर्भ असल्यास एचसीजी अधिक वाढते आणि ही शक्यताही वाढते. एचसीजी ओसरू लागल्यावर, बहुधा चौदाव्या ते अठराव्या आठवड्यापर्यंत, हा त्रास शमतो. त्यासाठी सहसा विश्रांती, पुरेसे पाणी, उलट्यांवरील उपचार आणि गरजेनुसार सलाइन पुरेसे असते. द्राक्षगर्भ मात्र वेळीच काढावा लागतो.

‘ग्रेव्हज’ या आजाराची बाब वेगळी आहे. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच थायरॉइडला सतत उत्तेजित करते. हजार गर्भवतींमागे सुमारे दोघींमध्ये तो आढळतो. गळ्याला सूज, डोळे बाहेर आल्यासारखे दिसणे, गर्भधारणेपूर्वीपासूनची लक्षणे आणि रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडे यांवरून डॉक्टर त्याचे निदान करतात. उपचाराअभावी आई आणि बाळ दोघांनाही धोका संभवतो.

निदान अचूक असणे महत्त्वाचे आहे, कारण थायरॉइडची क्रिया मंदावणारी औषधे वारेतून गर्भापर्यंत पोहोचतात. कार्बिमाझोलसारख्या औषधामुळे सुरुवातीच्या आठवड्यांत जन्मजात व्यंगांचा धोका वाढतो. म्हणून पहिल्या तिमाहीत औषध अपरिहार्य असल्यास सहसा प्रोपिलथायोयुरासिल निवडले जाते. किरणोत्सारी आयोडीन वापरून होणारी तपासणी व उपचार गर्भारपणात वर्ज्य आहेत.

गोळी स्वतःहून बंद करू नये

आधीपासून थायरॉइडच्या कमतरतेसाठी थायरॉक्सिन घेणाऱ्या स्त्रियांची स्थिती याच्या उलट असते. त्यांची दुर्बळ ग्रंथी एचसीजीच्या चालनेला पुरेसा प्रतिसाद देऊ शकत नाही. परिणामी गर्भ राहिल्यावर औषधाची मात्रा बहुधा २५ ते ५० टक्क्यांनी वाढवावी लागते. त्यामुळे गर्भधारणा समजताच डॉक्टरांना भेटून टीएसएच तपासून घेणे आवश्यक असते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार जोखीम असलेल्या गर्भवतींची थायरॉइड तपासणी अपेक्षित आहे. कुटुंबात किंवा स्वतःला पूर्वी थायरॉइडचा त्रास असल्यास पहिल्याच भेटीत तसे सांगावे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते.

पाणीही पोटात न टिकणे, लघवी कमी होणे, वजन झपाट्याने घटणे, रक्तस्राव किंवा धडधड न थांबणे, यांपैकी काहीही झाल्यास ‘डोहाळे आहेत, जातील’ असे म्हणून वाट पाहू नये. टीएसएच कमी आढळल्यास टी-४ आणि गरजेनुसार प्रतिपिंडांची तपासणी करून डॉक्टर पुढचा निर्णय घेतात. माहेरी जाताना हे सर्व अहवाल सोबत न्यावेत. प्रत्येक अहवालावर तपासणीची तारीख आणि त्या वेळी गर्भधारणेचा कितवा आठवडा होता, याची नोंद असावी. त्याशिवाय त्यातील आकड्याचा खरा अर्थ लागत नाही.