वीस अक्षरांचा मंत्र

१९८९ साली जपानी भाषा शिकण्यासाठी मी वर्षभर नागोयाला होते. ज्यांच्या घरी राहत होते, त्यांचा धाकटा मुलगा आठ वर्षांचा होता. थोरल्या भावाने खेळून संपवलेला एक व्हिडिओ गेम त्याच्या वाट्याला आला होता, 'ड्रॅगन क्वेस्ट'. खेळ थांबवताना पडद्यावर हिरागाना लिपीतली वीस अक्षरं उमटत. ती उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी भरायची, की खेळ कालच्या जागेपासून पुढे सुरू. या अक्षरांना नाव होतं 'फुक्कात्सु नो जुमोन', म्हणजे पुन्हा जिवंत करणारा मंत्र. धाकटा तो पेन्सिलीने कॅलेंडरच्या पाठीवर लिही आणि रोज जुना खोडून नवा लिही.

एकदा त्याला आईने जेवायला हाक मारली. "ओनेसान, आज तू लिही," असं म्हणून तो पळाला. ओनेसान म्हणजे ताई. ताईंची लिपी नवी, आणि त्या लिपीतली 'ने', 'रे' आणि 'वा' ही अक्षरं म्हणजे जणू तिळ्या बहिणी! दुसऱ्या दिवशी पडद्यावर आलं, 'मंत्र चुकला आहे'. आम्ही संध्याकाळभर अक्षरं बदलून पाहिली. काही उपयोग झाला नाही. कित्येक आठवड्यांची त्याची मेहनत माझ्या एका चुकीपायी गेली. तो रडला नाही. जेवला, आणि पहिल्यापासून खेळू लागला. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

हे आठवायचं कारण असं की, या जुन्या खेळांसारखे दिसणारे नवे खेळ आज जगभर आवडीने खेळले जातात, आणि त्यांच्याबद्दल खेळणाऱ्यांमध्ये हिरिरीने वाद होतात. या वादात मला रस आहे तो एका प्रश्नासाठी. जुनी गोष्ट आपल्याला आवडते, ती चांगली होती म्हणून, की तेव्हा आपण लहान होतो म्हणून?

आधी हे खेळ कसे असतात ते सांगते. यांना रोल प्लेइंग गेम म्हणतात. खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो, गावोगाव फिरतो, लोकांशी बोलतो, वाटेत राक्षसांशी लढतो आणि लढता लढता बलवान होत जातो. जपानी पद्धतीच्या जुन्या खेळांत लढाई आळीपाळीने चालते, एक डाव आपला, एक शत्रूचा. हाताच्या चपळाईपेक्षा विचाराला महत्त्व. जपानमध्ये हा प्रकार घरोघरी पोचवला तो एनिक्स कंपनीच्या 'ड्रॅगन क्वेस्ट'ने, मे १९८६ मध्ये. रचना युजी होरी यांची, चित्रं अकिरा तोरियामा यांची आणि संगीत कोइची सुगियामा यांचं. पुढच्याच वर्षी स्क्वेअर कंपनीचा 'फायनल फँटसी' आला. १९८८ च्या फेब्रुवारीत 'ड्रॅगन क्वेस्ट'चा तिसरा भाग निघाला, तेव्हा दुकानांपुढे रांगा लागल्या आणि मुलांनी शाळा बुडवल्या.

तो पहिला खेळ किती जागेत बसवला होता? अवघ्या ६४ किलोबाइटमध्ये. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही याच्या कितीतरी पट जागा घेतो. जागा इतकी अपुरी की जपानीच्या कताकाना लिपीतली सगळी अक्षरंही ठेवता आली नाहीत. मोजकी निवडली आणि राक्षसांची नावं त्यांतच बसवली. माणसं म्हणजे चार-दोन रंगांचे चौकोनी ठिपके. खेळ जपून ठेवण्याची सोय नव्हती, म्हणून तर तो वीस अक्षरांचा मंत्र. थोडक्यात, आज ज्याला आपण 'जुनी शैली' म्हणतो, तिचा बराच भाग ही तेव्हाची अडचण होती. पण त्या अडचणीतून एक गोष्ट आपोआप साधली. ठिपक्यांच्या चेहऱ्यावर भाव नसत, ते मुलं आपल्या मनाने भरत. धाकटा मला सांगे, "हा राजा दुःखी आहे." मला तर राजाला डोळे आहेत की नाहीत तेही कळत नसे!

१९९७ मध्ये 'फायनल फँटसी'चा सातवा भाग त्रिमिती चित्रांत आला आणि ठिपक्यांची चित्रं हळूहळू मागे पडली. २००३ मध्ये स्क्वेअर आणि एनिक्स एक झाल्या. दरम्यान, शाळा बुडवणारी ती मुलं मोठी झाली, नोकरीला लागली. त्यांच्या मनातला तो काळ पुन्हा उभा करू पाहणारा खेळ स्क्वेअर एनिक्सने जुलै २०१८ मध्ये निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रासाठी आणला, 'ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर'.

या खेळात माणसं जुन्यासारखी ठिपक्यांचीच आहेत, पण ती उभी आहेत त्रिमिती गावात. पाण्यावर ऊन चमकतं, कंदिलाचा उजेड भिंतीवर पडतो, दूरचं दृश्य धूसर दिसतं. एखाद्या कुशल कारागिराने केलेला गणपतीपुढचा देखावा असावा, तसं. या पद्धतीला त्यांनी 'एचडी-टूडी' असं नाव दिलं. प्रवासी आठ. बापाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेली नर्तकी प्रिमरोझ, राज्य बुडाल्यावर दिशाहीन झालेला योद्धा ओल्बेरिक, शिवाय एक वैद्य, एक व्यापारी मुलगी, एक चोर, असे. प्रत्येकाची कथा चार प्रकरणांची, एकूण बत्तीस प्रकरणं.

गंमत अशी की, या खेळाला खेळणाऱ्यांच्या मतांनी आधीपासूनच घडवलं. सप्टेंबर २०१७ मध्ये नर्तकी आणि योद्धा यांच्या कथांचा नमुना फुकट दिला गेला आणि मतं मागवली. सुमारे ४५ हजार उत्तरं आली. त्यांना धरून बदल केले गेले. पाहिलेल्या गावी झटकन पोचण्याची आणि प्रसंग वगळण्याची सोय झाली. पडद्याच्या कडेच्या सावल्या कमी-जास्त करता येऊ लागल्या. म्हणजे जुनी शैली आवडणाऱ्यांनीच सांगितलं होतं, 'जुनं हवं, पण पायपीट नको.'

खेळ बाजारात आल्यावर स्तुती झाली ती मुख्यतः तीन गोष्टींची. पहिली, चित्रं. दुसरी, यासुनोरी निशिकी यांचं संगीत. तिसरी, लढाईची रचना. प्रत्येक शत्रूच्या ढालीवर आकडा असतो. त्याला कोणतं शस्त्र लागू पडतं ते शोधून वार करत गेलं की आकडा शून्यावर येतो आणि शत्रूचा डाव हुकतो. आपली ताकद साठवून नेमक्या वेळी वापरता येते. ही रचना नव्या विचाराची आहे. १९८६ च्या खेळात असं काही नव्हतं.

तक्रारीही तितक्याच ठाम होत्या. मुख्य तक्रार ही की, आठ जण एकत्र फिरतात, पण एकाच्या कथेत बाकीचे सात जणू नसतातच. दुसरी, प्रत्येक प्रकरण एकाच साच्याचं. गावात जा, चौकशी करा, गुहेत शिरा, मोठ्या शत्रूशी लढा. तिसरी, चालता चालता अचानक होणाऱ्या लढाया आणि ताकद वाढवण्यासाठी त्याच त्या लढाया करत बसणं.

माझा एक विद्यार्थी आहे, चोवीस वर्षांचा. जुना फॅमिकॉम त्याने पाहिलेलाही नाही. त्याला चित्रं आवडली, लढाई आवडली, आणि "मॅडम, हे लोक एकमेकांशी बोलत का नाहीत?" असं त्याने विचारलं. मला वाटतं, माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ज्याच्याजवळ आठवणच नाही, त्यालाही जे आवडतं, ते मुळातच चांगलं होतं. ज्याच्याजवळ आठवण आहे, त्यालाही जे नकोसं होतं, ती तेव्हाची अडचण होती. वीस अक्षरांचा मंत्र परत आणा, असं कोणी म्हणत नाही. अचानकच्या लढाया मात्र या दोहोंच्या मध्ये येतात. छोट्या नकाशाला मोठं भासवण्याचं काम त्या करत. नकाशा खरोखरच मोठा झाल्यावर त्यांचं काम उरलं नाही, तरी काहींना त्या हव्याच असतात. इथे वाद संपत नाही, आणि संपूही नये.

फेब्रुवारी २०२३ मध्ये दुसरा भाग आला, त्यात या मतांची उत्तरं दिसतात. दोन-दोन प्रवाशांच्या जोडकथा आल्या, शेवटी आठही जण एका कथेत एकत्र आले, लढाया दुप्पट वेगाने करता येऊ लागल्या.

पहिल्या भागात मात्र एक जुना काटा राहिला होता. आठ कथांना जोडणारा खरा शेवट त्यात आहे, पण तो लपवलेला. त्या दारापाशी आठ मोठ्या शत्रूंशी एकामागून एक लढायचं, मग शेवटचा गाल्डेरा. मध्ये खेळ जपून ठेवायची सोय नाही. हरलात, तर पुन्हा पहिल्या शत्रूपासून. सापशिडीत अठ्ठ्याण्णववर साप असतो ना, तोच हा.

नागोयाचा धाकटा आता पंचेचाळिशीकडे आला आहे. त्याला एक मुलगी आहे, आणि नोकरीहून घरी यायला त्याला रात्र होते. हा खेळ त्याने आगगाडीत जाता-येता महिनोन्महिने खेळला, आणि एका रविवारी गाल्डेरापाशी हरला. त्याने मला पत्र पाठवलं, "ओनेसान, पुन्हा सगळं गेलं. या वेळी तुझी चूक नाही." मी विचारलं, पुन्हा सुरुवात करणार का? उत्तर आलं, "आठव्या वर्षी माझ्याजवळ वेळ होता. आता रविवारची दुपार एकच असते."

खेळ करणाऱ्यांना सांगण्यासारखं मला यात सगळं दिसतं. जुने दिवस परत देताना त्या दिवसांतला मोकळा वेळ परत देता येत नाही. म्हणून माणसाने दिलेल्या तासांची कदर हवी. २०२५ मध्ये तो पहिला 'ड्रॅगन क्वेस्ट'ही या नव्या चित्रशैलीत आला. त्यात मंत्र लिहून घ्यावा लागत नाही. धाकट्याने तो मुलीसाठी घेतला आहे. मी त्याला कळवलं, तिला निर्धास्त खेळू दे, ताई आता काही लिहून घेणार नाही!

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)