खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी टेस्ट किट: स्वतःला कोणतं घ्यायचं, ग्राहकाला कोणतं द्यायचं?



मागच्या व्हिडिओत आपण मरीन टँकचा सेटअप बघितला. त्यानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न म्हणजे, "सर, टेस्ट किट कोणतं घेऊ?" एका वाक्यात ब्रँडचं नाव सांगून मोकळा झालो असतो. पण याच प्रश्नापायी माझा एक चांगला ग्राहक गेलाय, म्हणून आज नीट बसून लिहितोय.

डोंबिवलीत दुकान सुरू केलं तेव्हा माझ्याकडे फक्त गोड्या पाण्याचे मासे होते. गप्पी, मोली, गोल्डफिश. माल क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याहून आणायचो. दुसऱ्या वर्षी एका डॉक्टरांनी क्लिनिकसाठी मरीन टँक मागितला. लहान पेशंटना 'निमो' दिसला पाहिजे, एवढीच त्यांची अट. मी टँक लावला, दोन क्लाउनफिश सोडले आणि महिन्याच्या मेंटेनन्सचं कामही घेतलं. दोन आठवड्यांनी जाऊन स्ट्रिपने पाणी तपासलं. पाचही रंग बरोबर आले. "डॉक्टर, सगळं ठीक आहे," असं सांगून निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "अहो, दोन्ही मासे तळाशी पडलेत. काल तर तुम्हीच म्हणालात ना, सगळं ठीक आहे म्हणून?"

ते पाणी बाटलीत भरून एका ओळखीच्या मरीनवाल्याकडे नेलं. त्याने अमोनियाची टेस्ट केली तर नळी गडद हिरवी झाली. मग मी माझ्या स्ट्रिपचा डबा पहिल्यांदा नीट वाचला. नायट्रेट, नायट्राइट, पीएच, केएच, हार्डनेस. अमोनियाचा चौकोन त्यावर नव्हताच! म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो, पण जे मोजलंच नव्हतं तेही 'ठीक आहे' म्हणून सांगून बसलो होतो. माशांचे पैसे परत दिले. मेंटेनन्सचं काम मात्र गेलं ते गेलंच.

आधी मीठ मोजा

नवीन माणूस केमिकल किटच्या मागे धावतो आणि मीठ विसरतो. समुद्राच्या पाण्याची क्षारता साधारण ३५ पीपीटी असते, म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२५ ते १.०२६. प्लास्टिकचा काटेवाला हायड्रोमीटर स्वस्त पडतो, पण काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो. त्यापेक्षा रिफ्रॅक्टोमीटर घ्या. दोन थेंब पाणी पुरतं. त्याचं कॅलिब्रेशन फक्त साध्या पाण्यावर करून थांबू नका, ३५ पीपीटीचं तयार सोल्युशन मिळतं ते वापरा. आपल्याला जिथला आकडा वाचायचाय, तिथेच तो बरोबर यायला हवा.

आणि हो, टँकमधलं पाणी उडून जातं, मीठ आतच राहतं. त्यामुळे कमी झालेलं पाणी भरताना साधं आरओचं पाणी घालायचं, खारं नाही.

टँकच्या वयावरून किट ठरवा

ग्राहक किट मागायला आला की त्याला पहिला प्रश्न विचारा, "टँक किती दिवसांचा आहे?"

नवीन टँक असेल तर अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच या चार टेस्ट हव्यात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. हे चक्र बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. तोपर्यंत अमोनिया हाच खरा शत्रू. खाऱ्या पाण्यात तर जास्तच, कारण पीएच ८.२ च्या आसपास असतो. तेवढाच अमोनिया ७ पीएचच्या पाण्यात असेल, तर त्याच्या तुलनेत ८.२ ला त्याचा विषारी भाग दहा पटींहून जास्त असतो. गोड्या पाण्यात जेवढं चालून जातं तेवढं इथे चालत नाही, ते यामुळेच.

टँक जुना आणि फक्त माशांचा असेल तर क्षारता, पीएच आणि नायट्रेट नियमित बघा. अमोनियाचं किट मात्र घरात असू द्या. मासा मेला किंवा फिल्टर बंद पडला की सगळ्यात आधी तेच लागतं.

कोरल असेल तर यादी वाढते. केएच म्हणजे अल्कलिनिटी ८ ते ११ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम, शिवाय फॉस्फेट. बजेट कमी असेल तर यातलं केएचचं किट आधी घ्यायला सांगा, कारण सगळ्यात पटकन हलतो तो हाच आकडा.

इथे धंद्याची एक गोष्ट. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे आहेत. कोणी "समुद्रातून काढलेलं आहे, स्वस्तात देतो" म्हणाला तर हात जोडून नाही म्हणा. कागदपत्रांशिवाय असला माल दुकानात ठेवायचा नाही.

चार प्रकारची किट

१. स्ट्रिप: झटपट आणि सोपी, पण अंदाज देणारी. त्यावर कायकाय मोजलं जातं ते वाचल्याशिवाय घेऊ नका. माझं उदाहरण समोर आहेच.

२. थेंबांचं, रंग जुळवायचं किट: नळीत पाणी घ्या, थेंब टाका, रंग कार्डाशी जुळवा. अमोनिया, नायट्राइट यांच्यासाठी एकदम ठीक, कारण तिथे आपल्याला 'शून्य आहे की नाही' एवढंच मुख्यतः बघायचं असतं.

३. रंग पलटेपर्यंत थेंब मोजायचं किट, म्हणजे टायट्रेशन: केएच, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांची बहुतेक किट अशीच असतात. छटा जुळवायची भानगड नाही, रंग कुठे पलटला एवढंच बघायचं. सालिफर्ट, रेड सी ही मरीनवाल्यांमध्ये नेहमीची नावं.

४. डिजिटल कलरिमीटर: हॅनाचे छोटे चेकर लोकांना माहीत आहेत. रंग डोळ्यांऐवजी मशीन वाचतं. फॉस्फेटसारख्या बारीक आकड्यासाठी उपयोगी. पण काचेच्या कुपीवर बोटांचे ठसे राहिले तर आकडा बदलतो आणि रिएजंट कायम विकत घ्यावं लागतं. मशीनची किंमत बघताना हा पुढचा खर्चही धरा.

बॉक्स हातात घेतल्यावर काय बघायचं?

आधी बघा, ते खाऱ्या पाण्यासाठी आहे का. गोड्या पाण्याचं पीएच किट बऱ्याचदा ७.६ लाच संपतं. मरीन टँकचं पाणी त्यात कायम शेवटचाच रंग दाखवणार, त्यातून काय कळणार? काही अमोनिया किटमध्ये गोड्या आणि खाऱ्या पाण्याची रंगकार्डं वेगळी असतात. चुकीचं कार्ड धरलं की उत्तर चुकलंच.

मग आकड्यांमधलं अंतर बघा. नायट्रेटच्या चार्टवर ० नंतर थेट ५ आणि १० असेल तर माशांच्या टँकला पुरेसं आहे, पण कोरलवाल्याला २ आणि ४ मधला फरक कळायला हवा. फॉस्फेटचंही तसंच. कोरलवाले ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या गोष्टी करतात आणि चार्टची पहिलीच पायरी ०.२५ असेल, तर ते किट त्यांच्या कामाचं नाही.

एक्सपायरी तर बघाच. जुना माल 'ऑफर'मध्ये मिळतो, पण एक्सपायर झालेलं रिएजंट आकडा दाखवतं, फक्त तो खरा नसतो. किट उन्हात, काचेच्या शोकेसमध्ये ठेवू नका.

शेवटी सूचनापत्रक. एपीआयच्या नायट्रेट किटमधली दुसरी बाटली ३० सेकंद जोरात हलवायची, मग नळी एक मिनिट हलवायची, मग पाच मिनिटं थांबायचं. हे न करणाऱ्याला नायट्रेट कमी दिसतं आणि तो खुश होतो! शिवाय पाण्यात नायट्राइट असेल तर नायट्रेट किट जास्त आकडा दाखवू शकतं. म्हणून नव्या टँकच्या नायट्रेटवर लगेच विश्वास नको.

किट खरं बोलतंय का, घरीच तपासा

केएच किटसाठी सोपी युक्ती. १ लिटर आरओ पाण्यात ३ ग्रॅम खायचा सोडा विरघळवा. बेकिंग पावडर नव्हे, साधा खायचा सोडा. त्यातलं १०० मिली घेऊन त्यात ९०० मिली आरओ पाणी मिसळा. या पाण्याचं केएच साधारण १० डीकेएच यायला हवं. तुमचं किट ७ दाखवत असेल तर गडबड किटमध्ये आहे किंवा हातात. वजनकाटा मात्र बारीक हवा, सोनाराकडे असतो तसा.

अमोनिया किटला आरओ पाण्यावर शून्य दाखवता आलं पाहिजे. मग एका बाटलीत थोडं पाणी घेऊन चिमूटभर फिश फूड टाका, तीन-चार दिवस ठेवा आणि पुन्हा तपासा. रंग चढलाच पाहिजे.

आता धंद्याचं गणित

किटची किंमत बघू नका, एका टेस्टची किंमत काढा. समजा किट १,८०० रुपयांचं आहे आणि त्यात ६० टेस्ट आहेत, तर एक टेस्ट ३० रुपयांना पडली. तुमच्याकडे मेंटेनन्सचे ८ टँक असतील आणि प्रत्येकी आठवड्याला एक टेस्ट, तर महिन्याला ३२ टेस्ट. किट दोन महिन्यांत संपेल, एक्सपायरीची चिंता नाही. दुकानासाठी मोठा पॅक परवडतो.

पण घरी एकच टँक असलेला ग्राहक वर्षाला फार तर ५२ टेस्ट करणार. त्याला शेकडो टेस्टचा पॅक 'स्वस्त पडतो' म्हणून विकलात, तर अर्ध्याहून जास्त माल एक्सपायर होऊन कचऱ्यात जाणार. आज बिल मोठं होईल, पण दोन वर्षांनी त्याच्या लक्षात येईल की आपल्याला काय विकलं गेलं.

तिसरी गोष्ट म्हणजे टेस्टिंगची सेवा. पाणी तपासून देण्याचे पैसे घ्या, लाजू नका. पण बदल्यात कागद द्या. त्यावर तारीख, किटचं नाव आणि प्रत्येक आकडा लिहा. जी टेस्ट केली नाही तिच्यासमोर स्वच्छ अक्षरात लिहा: 'तपासलं नाही'.

डॉक्टरांच्या त्या फोननंतर माझ्या दुकानात ही स्लिप सुरू झाली. आता कोणी पाणी घेऊन आलं आणि आमच्या मुलाने घाईत "सगळं ठीक आहे" म्हटलं, तर मी काउंटरवरूनच विचारतो, "काय काय मोजलंस, ते सांग." डॉक्टर परत आले नाहीत. पण पुढचे मरीन ग्राहक टिकले, त्यात या कागदाचा वाटा मोठा आहे.

या आठवड्याचं काम

तुमच्याकडे जे किट आहे त्याचा डबा काढा. त्यावर काय मोजलं जातं, कुठपर्यंत मोजलं जातं आणि एक्सपायरी कधी, या तीन गोष्टी वहीत लिहा. चौथ्या ओळीत लिहा, हे किट काय मोजत नाही. नवीन खरेदीची यादी त्या चौथ्या ओळीपासून सुरू करा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.