दोष जिभेत नव्हे

पक्षाघाताचा झटका येऊन गेला. उजव्या हातात हळूहळू बळ येऊ लागले. वाचा मात्र परतली नाही. अशा वेळी घरची मंडळी रुग्णाला वाचोपचारकाकडे नेतात आणि जीभ मोकळी करून देण्याची विनंती करतात. वाचकहो, दोष पुष्कळदा जिभेत नसतोच.

१८६१ साली पॅरिस येथे पॉल ब्रोका या शल्यवैद्याने एका मृत रुग्णाचा मेंदू तपासला. हयातीत त्या गृहस्थाला 'तान' एवढाच उच्चार साधत असे. इतरांचे बोलणे मात्र बरेचसे कळे. त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा पुढचा भाग बिघडलेला आढळला. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके याने निराळाच प्रकार वर्णिला. त्यातील रुग्ण अस्खलित बोलतो, परंतु शब्दांचा मेळ बसत नाही आणि दुसऱ्याचे बोलणेही त्याला उमगत नाही. अशा माणसास वेड लागले असे ठरवून घरचे मोकळे होतात, हे किती शोचनीय!

ही भिन्न कारणे ओळखावयाची, तर मेंदू व मन यांचा संबंध सांगणारे मज्जामानसशास्त्र उपचारकाने शिकलेच पाहिजे. किल्लीचे चित्र दाखविले असता रुग्ण 'पेला' म्हणतो. का बरे? कदाचित शब्द आठवत नसेल. कदाचित चित्राची एक बाजू त्याच्या ध्यानातच येत नसेल. किंवा आधी दाखविलेल्या पेल्याचे नाव मनातून हलत नसेल. मग घोकंपट्टी व्यर्थ, थोडे थांबणेच बरे. हे शास्त्र न शिकलेला उपचारक तिघांकडूनही एकच पाठ घोकवून घेईल.

पाणी मागू न शकणारा मनुष्य कधी कधी आरती मात्र सुरात म्हणतो, एक ते दहा अंक मोजतो. मग हे सोंग आहे, असा संशय घरात शिरतो. सोंग नव्हे ते! पाठ झालेले म्हणणे आणि नवे वाक्य जुळविणे ही मेंदूची निराळी कामे आहेत. घरच्यांना हे समजावून सांगणे हाही उपचाराचाच भाग होय.

म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था गेल्या शतकाच्या सातव्या दशकापासून वाचोपचारक घडवीत आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत मज्जामानसशास्त्र शिकविले जाते. या दोन्ही विद्या एकाच विद्यार्थ्याच्या पदरी पडावयास हव्यात. आपल्या बहुभाषी देशात तर विशेषच. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि कचेरीत इंग्रजी बोलणाऱ्याची एखादी भाषा कधी कधी आधी परतते, दुसरी मागाहून. म्हणून उपचारकाकडे जाताना रुग्ण कोणती भाषा कोणाशी बोलत असे, याचे टिपण बरोबर न्यावे. त्यांनी विचारले नाही, तरी आपण होऊन पुढे ठेवावे.