दाढेचा ठणका थांबला, पण जंतूंचे काय?

दाढ ठणकते, आपण गोळी घेतो, चार दिवसांनी दुखणे थांबते. पुष्कळदा ते आतली नस मेली म्हणून थांबलेले असते. जंतू मुळाशी तसेच राहतात.

1965 साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झजेराल्ड यांनी उंदरांच्या दाढा नसेपर्यंत कोरून उघड्या ठेवल्या. साध्या उंदरांच्या नसा सडल्या. जंतूविरहित जागेत वाढवलेल्या उंदरांच्या नसेवर मात्र, अन्न अडकूनही, नवे कठीण कवच धरले. भुईरिंगणीची धुरी देऊन दातातला ‘किडा’ काढणाऱ्यांनी हे वाचावे.

म्हणून रूट कॅनॉलमध्ये भरण्याइतकेच धुणे महत्त्वाचे. लाळ आत जाऊ नये म्हणून दाताभोवती रबराचा पडदा लावतात. मुळातल्या नळ्या बारीक कानशीने खरवडून सोडियम हायपोक्लोराइटने धुतात. हे ब्लीचमधलेच रसायन. घरी त्याने चूळ भरू नका. मग गटापर्चा हा झाडाचा वाळलेला चीक भरतात. मुळाला भोक पडले असेल तर एमटीए वापरतात. त्याचा मुख्य घटक म्हणजे बांधकामावरचे पोर्टलंड सिमेंट, फक्त शुद्ध केलेले! ओलीतही ते घट्ट बसते.

पहिल्या खेपेलाच ठणका थांबतो, पुढच्या खेपेला रोज बुडतो, म्हणून माणूस परत जात नाही. तात्पुरते भरलेले सिमेंट झिजते, लाळ शिरते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी दाढेवर कॅपही बसवून घ्या, नाहीतर ती चिरते. खासगी खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत कमी खर्चात उपचार होतात. जुना एक्स-रे असेल तर सोबत न्या.