विश्लेषण : मोहफूल वेचणं गुन्हा कसा ठरतो? 1927 च्या वन कायद्याची गोष्ट

मार्च-एप्रिलमध्ये मोहर्लीच्या आसपास मोहफुलं पडायला लागली की लोक उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. उशीर झाला तर फुलं जनावरं खाऊन टाकतात. भद्रावती तालुक्यातलं हे गाव पर्यटकांना ताडोबाचं प्रवेशद्वार म्हणून माहीत आहे. वाघाची भीती तर आहेच, पण या टोपलीला आणखी एक धोका आहे, तो कायद्याचा. तिच्यातलं फूल कुणाचं, याचं उत्तर 1927 च्या भारतीय वन कायद्यात आहे. ते अनेकांना चकित करणारं आहे.

फूल स्वतःच्या बांधावरचं, तरी वनोपज?

हो. या कायद्याच्या कलम 2 मध्ये वनोपजाचे दोन गट आहेत. पानं, गवत, मध अशा गोष्टी जंगलातून आणल्या तरच वनोपज ठरतात. इमारती लाकूड, कोळसा, कात, लाख, हिरडा, मोहफूल आणि मोहाच्या बिया मात्र कुठेही मिळाल्या तरी वनोपजच. मग झाड जंगलात असो की शेताच्या बांधावर.

वनोपज म्हणजे लगेच सरकारी माल असं नाही. पण पुढे कलम 69 येतं. एखादं वनोपज सरकारचं आहे का, असा प्रश्न उभा राहिला तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचंच मानायचं. एरवी फौजदारी खटल्यात आरोप करणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो. इथे मालकीपुरतं ओझं टोपलीवाल्याच्या डोक्यावर. सातबाऱ्यावर झाडाची नोंद असेलही. फुलावर कुठे शिक्का असतो?

कोर्टाची पायरी चढण्याआधीच निकाल

खरी गोम पुढच्या कलमांत आहे. कलम 64 नुसार वनाधिकारी वॉरंटशिवाय अटक करू शकतो. कलम 52 नुसार मालाबरोबर हत्यारं, बैलबंडी आणि बैलही जप्त होऊ शकतात. आणि कलम 68 म्हणतं की, गुन्ह्याचा वाजवी संशय असलेल्या माणसाकडून भरपाई घेऊन अधिकाऱ्याने प्रकरण मिटवावं आणि जप्त माल किंमत घेऊन सोडावा. मूळ कायद्यात हा अधिकारी निदान रेंजर असावा, त्याचा पगार महिना किमान 100 रुपये असावा आणि भरपाई 50 रुपयांवर जाऊ नये, अशा अटी होत्या.

कागदावर ही सवलत वाटते. पेरणीच्या तोंडावर बैल जप्त झालेल्या शेतकऱ्याच्या जागी उभं राहून पाहिलं की चित्र वेगळं दिसतं. तालुक्याच्या कोर्टात तारखा करायच्या की पैसे भरून बैल सोडवायचे? गुन्हा झाला होता की नाही, हे मग कुणी तपासतच नाही. मालावर दावा सांगणारं, पकडणारं, चौकशी करणारं आणि रक्कम ठरवणारं खातं एकच.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हे संरक्षण बहुतेकांना ऐकून माहीत असतं. वनाधिकारी म्हणजे पोलीस नव्हे, असं न्यायालयांनी अनेक निकालांत म्हटलं आहे. त्यामुळे जंगलात पकडलेल्याला ते संरक्षण सहसा मिळत नाही.

हाच काळ शिक्षेबद्दलच्या नव्या विचारांचा होता. 1919-20 च्या जेल समितीने कैद्याच्या सुधारणेवर भर दिला. चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली, ज्या मध्य प्रांतात होता, तिथे 1928 मध्ये तरुण गुन्हेगारांसाठी बोर्स्टल कायदा झाला. वन कायद्यात ही हवा शिरली नाही. त्याचा गाभा 1878 च्या कायद्यातून जवळपास तसाच उचलला होता.

गावाचे जुने हक्क कुठे गेले?

मध्य प्रांतात गावाच्या गरजेपुरतं सरपण, चारा, लाकूड घेण्याला ‘निस्तार’ म्हणत. जंगल राखीव करताना असे हक्क नोंदवायची सोय कायद्यात होती: जाहीरनामा निघणार, किमान तीन महिने मुदत, त्यात दावा सांगायचा. न सांगितलेला हक्क, काही अपवाद सोडले तर, कलम 9 नुसार संपला. अक्षरओळख नसलेल्या गावासाठी तीन महिने म्हणजे किती, हे वेगळं सांगायला नको.

मग बदललं काय?

2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मान्य केली. त्यात मोहफूल, तेंदूपत्ता आणि बांबूही आले. हा कायदा राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांनाही लागू आहे. पण 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदाही तिथे लागू आहे आणि त्याचे निर्बंध कडक आहेत. त्यामुळे ताडोबाच्या भोवती एकाच टोपलीवर तीन कायदे बोलतात.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबूची वाहतूक अडली. कारण 1927 च्या व्याख्येत बांबू म्हणजे झाड. 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा वाट मोकळी झाली. झाडाच्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द वगळायला 2017 उजाडलं आणि त्याचा फायदाही जंगलाबाहेरच्या बांबूलाच मिळाला. कुठूनही आणलं तरी वनोपज, या यादीत मोहफूल अजून आहे. कलम 69 सुद्धा.