कावीळ उतरली, विषाणूचे काय?

रक्तदान शिबिर होऊन काही दिवस जातात आणि रक्तपेढीतून फोन येतो, 'एकदा भेटून जा.' गेल्यावर कळते, रक्तात हेपटायटिस बी सापडला आहे. डोळे पिवळे नाहीत, भूक नीट लागते, काम चालू आहे. घरी सांगितले की पहिला सल्ला ठरलेला: अमक्या गावी कावीळ उतरवणारे आहेत, एकदा जाऊन ये.

सल्ला देणारे खोटे बोलत नसतात. कावीळ बरी झालेली त्यांनी स्वतः पाहिलेली असते. दूषित पाण्यातून होणारी हेपटायटिस ए किंवा ई ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते (गरोदर बाईला मात्र ई जिवावर बेतू शकतो). त्याच दिवसांत कावीळीची माळ घातलेली असली की श्रेय माळेला. ती माळ रोज लांबते हेही खरे. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या फासांत अडकवलेले असतात. काड्या सुकून बारीक झाल्या की फास सैल पडतात. खुंटीला टांगली तरी ती लांबेलच.

हेपटायटिस बी चे गणित निराळे. मोठेपणी लागण झाली तर बहुतेकांचे शरीर या विषाणूला हुसकावून लावते. जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्या दहापैकी नऊ बाळांत मात्र तो कायमचा मुक्काम करतो. यकृताच्या पेशींच्या केंद्रकात त्याची जनुकीय प्रत दडून राहते. वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही आणि काहींचे यकृत आतून निबर होत जाते. पुढे सिरॉसिस, कधी कर्करोग.

मग झाडपाल्यात काहीच नाही का? हा प्रश्न विज्ञानाने झटकून टाकलेला नाही. परसात, शेताच्या बांधावर उगवणाऱ्या भुईआवळ्याची मद्रासमध्ये रीतसर चाचणी झाली. त्या संशोधकांत हा विषाणू शोधल्याबद्दल नोबेल मिळवणारे बारूक ब्लुमबर्गही होते. १९८८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: महिनाभर भुईआवळ्याची पूड घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली, नुसती दिखाऊ पूड घेतलेल्या २३ जणांत फक्त एकाची. जगभर आशा पालवली. पण इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा तसे यश मिळाले नाही. पुढे सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्यावरही ठोस पुरावा हाती लागला नाही. 'आयुर्वेदाला कोणी विचारत नाही' ही तक्रार निदान इथे तरी लागू नाही.

'निसर्गाचे आहे, अपाय कसला?' हेही तपासून घ्यावे. करोनाकाळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता, तेव्हा मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असे त्यांचे म्हणणे होते. तसे मानले तरी बाजारातून आणलेली काडी नेमकी कोणत्या वेलीची, हे ओळखणार कोण? आधीच विषाणूशी झुंजणाऱ्या यकृताला ही जोखीम परवडणारी नाही.

खरा घात होतो तो काढ्याच्या भरवशावर गोळी बंद केल्याने. टेनोफोविर किंवा एन्टेकाविर विषाणूला मुळापासून उपटत नाहीत, दाबून ठेवतात. म्हणून रिपोर्ट चांगला आला की 'आता कशाला?' वाटते. गोळी अचानक थांबली की विषाणू उसळतो आणि कधीकधी यकृत निकामी होण्यापर्यंत पाळी येते. प्रत्येकाला गोळी लागतेच असे नाही; पण ज्यांना लागत नाही त्यांनीही ठरल्या वेळी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी चुकवायची नाही. काढा चालू असेल तर 'डॉक्टर ओरडतील' म्हणून लपवू नये; यकृताचे आकडे बिघडले तर कारण शोधायला तीच माहिती लागते.

२०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांत ही तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. जोडीदार, मुले आणि भावंडे यांचीही तपासणी करून घ्यावी, लागण नसलेल्यांनी लस घ्यावी. वस्तरा आणि दात घासायचा ब्रश वेगळा हवा; ताट-वाटी वेगळी करायची काहीच गरज नाही.