पीयू की रबर? सस्पेन्शनच्या बुशबद्दलचे गैरसमज

खड्ड्यातून गाडी गेली की पुढून खडखड ऐकू येते. गॅरेजवाला गाडी लिफ्टवर घेतो, लोअर आर्मला टॉमी लावून हलवून दाखवतो आणि निकाल देतो, ‘बुश गेलेत.’ पाठोपाठ सल्ला येतो, ‘रबरचे कशाला? पीयू टाका, पुन्हा बघायला नको.’ बुश म्हणजे आर्म गाडीला जिथे जोडलेला असतो तिथली लवचीक उशी, आणि पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. हा सल्ला खोटा नसतो, पण अर्धवट असतो. उरलेला अर्धा भाग समजून घेतला, तर पैसे आणि पाठ दोन्ही वाचतील.

गैरसमज : पीयू हे नवं तंत्रज्ञान, रबर जुनाट. कंपन्या पैसे वाचवायला रबर वापरतात.

वस्तुस्थिती : पॉलियुरेथेनचा शोध १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर यांनी लावला. गाड्यांच्या कंपन्यांना ते काही अनोळखी नाही. शॉक अॅब्सॉर्बरच्या दांड्यावर जो बम्प स्टॉप असतो, तो कित्येक गाड्यांमध्ये पॉलियुरेथेनच्या फोमचाच असतो. तरीही आर्मच्या बुशला कंपन्या रबर वापरतात, कारण तिथलं काम वेगळं आहे. रबरी बुशमध्ये स्टीलच्या दोन नळ्या एकात एक असतात आणि मधलं रबर दोन्हींना पक्कं चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा तिथे काहीच घासत नाही, रबरच पिळलं जातं आणि पुन्हा जागेवर येतं. म्हणून त्याला ग्रीस लागत नाही.

गैरसमज : बुश जितका कडक, तितकी गाडी चांगली.

वस्तुस्थिती : अनेक हॅचबॅकमध्ये पुढचा लोअर आर्म इंग्रजी एल आकाराचा असतो आणि त्याला दोन बुश असतात. पुढचा बुश वळणावरचा आडवा भार घेतो, म्हणून तो घट्ट. मागचा बहुधा मोठा असतो, आणि नीट पाहिलं तर त्याच्या रबरात आरपार पोकळ्या दिसतात. त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. चाक खड्ड्याच्या काठावर आपटलं की त्याला किंचित मागे सरकता यावं, एवढ्यासाठी. तिथे भरीव पीयू बुश बसवला की ती मुभा संपते आणि धक्का थेट सबफ्रेम आणि बॉडीत जातो. स्टेअरिंग जास्त नेमकं वाटेल हे खरं, पण खराब रस्त्यावर त्याची किंमत प्रवाशांना मोजावी लागते.

गैरसमज : पीयू टाकला की आवाज कायमचा बंद.

वस्तुस्थिती : फाटका बुश काढून कुठलाही नवा टाकला, तरी त्याची खडखड थांबतेच. श्रेय मात्र पीयूला मिळतं. उलट टायरची घरघर आणि बारीक कंपनं पीयूमुळे आत जास्त पोचतात. शिवाय बहुतेक पीयू बुशमध्ये मधली नळी मोकळी फिरते. जिथे फिरणं तिथे घासणं, आणि घासणं म्हणजे ग्रीस हवंच. ते वाहून गेलं की प्रत्येक स्पीडब्रेकरवर कुरकुर सुरू होते. मग बुश खोलून, पुसून, बुशच्या कंपनीने सांगितलेलं ग्रीस लावावं लागतं. बुश बदलण्याआधी स्टॅबिलायझरची लिंक, बॉल जॉइंट आणि स्ट्रट माउंट तपासून घ्या. खडखडीचा उगम तिथेही असू शकतो.

गैरसमज : पीयू आयुष्यभर टिकतो.

वस्तुस्थिती : सगळे पीयू सारखे नसतात. पॉलिएस्टर जातीचं पीयू ओलावा आणि उष्णतेत हळूहळू विघटित होतं, तर पॉलिइथर जातीचं पाण्याला जास्त टिकतं. कोकणातल्या पावसात हा फरक महत्त्वाचा. लाल, पिवळ्या, जांभळ्या रंगावरून दर्जा कळत नाही, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. विचारायचा तो शोअर ए कडकपणा. रबरी बुशचा साधारण ५० ते ७० असतो, पीयूचा साधारण ७० ते ९५. दुकानदाराला कडकपणाही सांगता येत नसेल आणि जातही, तर तो बुश न घेतलेला बरा.

गैरसमज : रबरी बुश वारंवार जातात, म्हणजे रबरच कच्चं.

वस्तुस्थिती : पुष्कळदा दोष बसवण्यात असतो. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना आर्मचे नट पूर्ण टाइट केले, की रबर त्याच कोनात अडकतं. गाडी खाली आली की ते उभ्या गाडीतही पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. योग्य पद्धत अशी : नट आधी नुसते बसवायचे, गाडीचं वजन चाकांवर आलं की टॉर्क द्यायचा. मोकळ्या फिरणाऱ्या पीयूला ही अडचण येत नाही, हा त्याचा खरा फायदा. पोकळ्यांचा बुश प्रेस करताना दिशाही जुळली पाहिजे. दुसरा शत्रू आपणच बोलावतो. वॉशिंगनंतर गंज लागू नये म्हणून गाडीखाली डिझेल किंवा जुनं ऑइल फवारून घेतात. त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं.

गैरसमज : रबरावर चिरा दिसल्या की बुश बाद.

वस्तुस्थिती : वरवरच्या बारीक चिरा ऊन, ओझोन आणि वयामुळे येतात. तेवढ्यावरून बुश बदलायची गरज नाही. खोल फाट, धातूपासून सुटलेलं रबर, एका बाजूला सरकलेली मधली नळी, द्रव भरलेल्या बुशमधून गळती, किंवा टॉमी लावल्यावर जाणवणारा ठळक खेळ, यांपैकी काही दिसलं तर मात्र थांबू नका.

गैरसमज : पीयू हे निव्वळ शौकिनांचं खूळ.

वस्तुस्थिती : जिथे हालचाल साध्या बिजागरीसारखी एकाच दिशेने होते, तिथे पीयू चांगलं काम करतं. स्टॅबिलायझर बारचे बुश हे त्याचं सर्वांत सोपं उदाहरण. घाटात गाडी कमी झुकल्याचं जाणवतं आणि आरामात फारसा फरक पडत नाही. जिथे आर्म एकाच वेळी दोन-तीन दिशांना वळतो, तिथे मात्र कडक पीयू हालचालच अडवतं.

थोडक्यात, रोज ऑफिसला आणि सुट्टीत गावी जाणाऱ्या गाडीला कंपनीचे ओरिजिनल रबरी बुश घाला. पीयूची हौस असेल तर सुरुवात स्टॅबिलायझरपासून करा. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा. काहीही निवडलं, तरी दोन्ही बाजूंचे बुश जोडीने बदला आणि आर्मचं काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.